आहारदान आणि ज्ञानदान : कर्मवीर भाऊराव पाटील यांचे वसतिगृह

जैन परंपरेत चतुर्विध दान सांगितले आहे : आहार, औषध, अभय आणि ज्ञान. या चारांपैकी पहिले आणि अखेरचे एकाच छपराखाली आले म्हणजे काय घडते, हे पाहावयाचे असेल तर 1924 सालच्या साताऱ्याकडे वळावे लागते. कर्मवीर भाऊराव पाटील यांचे नाव समाजबांधवांना अपरिचित नाही. तथापि त्यांच्या कार्याचा जो भाग आपल्या समाजाच्या इतिहासाशी निगडित आहे, त्याचा उल्लेख गौरवाच्या भाषणांतून सहसा निसटतो.

भाऊरावांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 रोजी कुंभोज येथे, बाहुबली डोंगराच्या परिसरात, एका जैन शेतकरी कुटुंबात झाला. मूळ गाव वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक. शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहिले. दक्षिण महाराष्ट्रातील जैन समाज प्रामुख्याने शेतकरी. त्याच्या मुलांना शहरात राहून शिकता यावे म्हणून उभारलेल्या या वसतिगृहांचे ऋण मोठे आहे. परंतु त्या काळच्या रूढीप्रमाणे शिवाशिवीचे बंधन तेथेही होते. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास भाऊराव गेले आणि परतल्यावर स्नान करून शुद्ध होण्यास त्यांनी नकार दिला. परिणामी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. अपरिग्रह आणि अहिंसा यांचे पाठ देणाऱ्या वास्तूत हे घडावे, ही गोष्ट आज वाचतानाही खटकते, आणि ती खटकलीच पाहिजे.

याच समाजाचे धुरीण अण्णासाहेब लठ्ठे यांच्यावर 1914 च्या सुमारास कोल्हापुरातील राजपुतळ्यास डांबर फासल्याच्या प्रकरणात बालंट आले. लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांना कोठडीत अतोनात छळ सोसावा लागला. त्यांनी साक्ष दिली नाही. बोर्डिंगच्या आठवणीचा कडवटपणा त्यांनी मनात धरला नव्हता, याची याहून मोठी खूण कोणती?

मॅट्रिकपर्यंतही न पोहोचलेल्या या तरुणाने पुढे ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर विकले. या फिरस्तीचा लाभ असा की, खेड्यातील शेतकऱ्याचे घर त्यांनी आतून पाहिले. मुलगा हुशार असला तरी शाळा गावात नाही, आणि शाळेच्या गावी ठेवावे तर जेवणाचे काय, हा साधा प्रश्न त्यांना ठिकठिकाणी भेटला. 1919 मध्ये कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. 1924 मध्ये संस्थेचे ठाणे साताऱ्यास आले आणि तेथे वसतिगृह सुरू झाले. 25 फेब्रुवारी 1927 रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहू बोर्डिंग असे नाव देण्यात आले. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन अशी सर्व मुले तेथे एका पंक्तीस जेवत. ज्या पंक्तीवरून भाऊरावांचे स्वतःचे वसतिगृह सुटले, तीच पंक्ती त्यांनी येथे मांडली.

या पंक्तीमागे लक्ष्मीबाई उभ्या होत्या. सोवळ्याच्या संस्कारात वाढलेल्या या गृहिणीने अठरापगड जातींच्या मुलांना रांधून वाढले. धान्य संपले तेव्हा अंगावरील दागिने गेले, आणि शेवटी मंगळसूत्रही विकले गेले. 1930 मध्ये त्यांचे निधन झाले. संस्थेचा पुढील विस्तार त्यांना पाहावयास मिळाला नाही. भाऊरावांच्या चरित्रात त्यांना एखादे प्रकरण मिळते. वास्तविक आरंभीच्या वर्षांचा निम्मा इतिहास त्यांचाच आहे.

मुलांनाही फुकट काही मिळत नसे. दळण, स्वयंपाक, शेतकाम, खडी फोडणे, इमारतीचे दगड वाहणे ही कामे तीच करीत. ‘कमवा आणि शिका’ हे नाव सर्वश्रुत झाले. पण त्यामागील विचार केवळ काटकसरीचा नव्हता. ज्याने स्वतः नांगर धरला तो शिकल्यावर नांगर धरणाऱ्यास परका मानणार नाही, अशी त्यामागे श्रद्धा होती. म्हणूनच 1935 मध्ये त्यांनी शिक्षक तयार करणारे ट्रेनिंग कॉलेज काढले. शिकलेला मुलगा कचेरीत कारकून होण्याऐवजी दुसऱ्या खेड्यात मास्तर होऊन जावा, हा त्याचा हेतू. या वाटेने पाचशेहून अधिक खेड्यांत व्हॉलंटरी शाळा उघडल्या गेल्या. प्रत्येक विद्यार्थ्याने असेच केले असे नाही. पुष्कळ जण शहरातच स्थिरावले, हेही खरे.

भाऊरावांनी आपल्या संस्थांना दिलेली नावे पाहण्यासारखी आहेत. 1940 मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल, 1947 मध्ये साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज, 1954 मध्ये कराडला सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज, आणि 1955 मध्ये मौलाना आझाद यांच्या नावाने शिक्षकांचे महाविद्यालय. त्यांत त्यांचे स्वतःचे नाव नाही. 1959 मध्ये त्यांना पद्मभूषण किताब आणि पुणे विद्यापीठाची डी. लिट. ही पदवी मिळाली. त्याच वर्षी 9 मे रोजी त्यांचे देहावसान झाले. त्यांची समाधी साताऱ्यातच आहे.