नेम कोणी शिकवावा?

लखनौच्या छावणीची हद्द ओलांडून रायबरेलीच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात तेलीबाग येते. नावातल्या बागेचा माग आता लागत नाही. घरांची दाटी, सेवानिवृत्त सैनिकांच्या वसाहती, शारदा कालव्याचे पाणी आणि त्याच रस्त्याने पुढे गेल्यावर संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेचा विस्तीर्ण परिसर, असे ह्या भागाचे आजचे रूप आहे. बदलीच्या निमित्ताने लखनौस आलेल्या मराठी मंडळींना हा रस्ता पायाखालचा होऊन जातो. ह्याच वस्तीत एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर पूलची दोन टेबले मांडलेली आहेत. संध्याकाळी तेथे जमणारी तरुण मुले टेबलाच्या कडेवर मोबाइल उभा करून ठेवतात, सातासमुद्रापलीकडच्या कोणा शिक्षकाची चित्रफीत पाहतात, ती मध्येच थांबवतात आणि त्याने सांगितलेल्या रेषा डोळ्यांपुढे आणून नेम धरतात. चेंडू खिशात गेला तर पद्धत खरी. न गेला तर चित्रफीत पुन्हा पहिल्यापासून!

हा प्रकार पाहून प्रथम हसू आले, हे कबूल केले पाहिजे. परंतु एका हिवाळ्यात मीही त्या मुलांच्या पंगतीस बसलो आणि मग हसू ओसरून प्रश्न उरला. नेम ही शब्दांनी, आकृत्यांनी किंवा चित्रांनी सांगता येणारी गोष्ट आहे काय? की ती हाताने हातास द्यावयाची विद्या आहे? विचार करू लागल्यावर ध्यानात आले की, ह्या प्रश्नाला मोठा इतिहास आहे आणि त्यातली काही महत्त्वाची पाने आपल्याच देशात लिहिली गेली आहेत.

पहिले पान जबलपूरचे. सागर-नर्मदेचा हा मुलूख १८१७ च्या सुमारास भोसल्यांच्या हातून इंग्रजांकडे गेला आणि पुढे जबलपूर हे मोठे लष्करी ठाणे झाले. १८७५ च्या पावसाळ्यात तेथील अधिकाऱ्यांच्या भोजनगृहात वेळ जाता जात नव्हता. नेव्हिल चेंबरलेन नावाच्या एकोणीस वर्षांच्या अधिकाऱ्याने त्या वेळी रूढ असलेल्या ‘ब्लॅक पूल’ ह्या खेळात आणखी रंगीत चेंडू मिसळून एक नवाच खेळ रचला. हा चेंबरलेन म्हणजे पुढे ब्रिटनचा पंतप्रधान झालेला गृहस्थ नव्हे. हा नंतर आयर्लंडच्या पोलीस दलाचा महानिरीक्षक झाला आणि १९१६ च्या उठावानंतर त्याने ते पद सोडले. वुलिच येथील लष्करी विद्यालयात पहिल्या वर्षाच्या नवशिक्या विद्यार्थ्यांना ‘स्नूकर’ म्हणून चिडवीत. भोजनगृहातील एका सोबत्याचा सोपा नेम चुकला, तेव्हा चेंबरलेनने हाच शब्द त्याला लावला, आणि मग आपण सारेच ह्या नव्या खेळात स्नूकर आहोत असे म्हणून तोच शब्द खेळाचे नाव म्हणून कायम झाला. ही हकीकत स्वतः चेंबरलेनने वृद्धपणी, १९३८ साली, ‘द फील्ड’ ह्या इंग्रजी नियतकालिकास लिहून कळविली. जगभर खेळल्या जाणाऱ्या ह्या खेळाच्या नावाचाच अर्थ ‘नवशिका’ असा आहे, ही गोष्ट आमच्यासारख्यांना मोठा धीर देणारी आहे. जबलपुराहून हा खेळ उटकमंडच्या क्लबात गेला, तेथे त्याचे नियम लिहून भिंतीवर लावले गेले, आणि १८८५ साली हिंदुस्थानात आलेला बिलियर्डचा नामांकित खेळाडू जॉन रॉबर्ट्स ह्याने तो चेंबरलेनकडून समजून घेऊन विलायतेस नेला, असे सांगतात.

परंतु खेळ रचणे वेगळे आणि नेम शिकणे वेगळे. नेमाचे शास्त्र होण्यास आधी साधने शास्त्रशुद्ध व्हावी लागली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत टेबलाचा तळ लाकडी असे; तो वाकला की सरळ मारलेला चेंडूही वाकडा जाई. लंडनच्या जॉन थर्स्टनने १८२६ च्या सुमारास पाटीच्या दगडाचा तळ आणला. फ्रान्समध्ये मँगो नावाच्या खेळाडूने छडीच्या टोकास चामड्याची टोपी बसवून चेंडूला हवी तशी फिरकी देण्याची सोय केली. चेंडू मात्र दीर्घकाळ हस्तिदंतीच राहिले. हस्तिदंत हवेतली आर्द्रता शोषतो. त्याचा चेंडू ऋतूप्रमाणे किंचित फुगतो, किंचित आकसतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात त्या चेंडूंचे काय होत असेल, ह्याची कल्पनाच करावी. अमेरिकेत जॉन वेस्ली हायट ह्याने हस्तिदंतास पर्याय शोधता शोधता सेल्युलॉइड तयार केले आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कृत्रिम चेंडू सर्वत्र रूढ झाले. सर्व चेंडू एकाच व्यासाचे, एकाच वजनाचे झाले तेव्हाच ‘अमुक ठिकाणी नेम धरला असता चेंडू अमुक कोनात जाईल’ असे ठामपणे म्हणण्यास अर्थ आला.

ह्या विधानाचे गणित अगदी साधे आहे. दोन समान चेंडू एकमेकांस भिडले की त्यांच्या मध्यबिंदूंमधील अंतर एका व्यासाएवढे असते, आणि लक्ष्य-चेंडू त्या दोन मध्यबिंदूंना जोडणाऱ्या रेषेच्या दिशेने जातो. आपल्या चेंडूचा मध्य लक्ष्य-चेंडूच्या कडेवर रोखला, म्हणजे तो अर्धा झाकला जाईल असा नेम धरला, तर लक्ष्य-चेंडू ३० अंशांनी वळतो. तीन-चतुर्थांश झाकला तर सुमारे साडेचौदा अंश, एक-चतुर्थांश झाकला तर सुमारे साडेअठ्ठेचाळीस अंश. जुन्या बिलियर्डपटूंच्या साऱ्या विद्येचा पाया हा ‘अर्धा चेंडू’ होता, कारण कडेवर नेम धरणे हे डोळ्याला सर्वांत सोपे असते. गास्पार कोरिओलिस हा फ्रेंच गणिती आपल्याला पृथ्वीच्या परिवलनामुळे वारे कसे वळतात ह्या सिद्धान्तामुळे ठाऊक असतो. त्याने १८३५ साली बिलियर्डच्या गणितावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला आणि फिरकी दिलेल्या चेंडूचा वळणारा मार्ग परवलयाचा असतो हे दाखवून दिले. गणित ठाऊक असलेल्या माणसाचा नेम त्यामुळे चुकेनासा होतो, असे मात्र कोणी म्हटलेले नाही.

कारण आपल्या देशात नेम शिकविला तो गणितज्ञांनी नव्हे, मार्करांनी. मार्कर म्हणजे क्लबात गुण मांडणारा नोकर. टेबलावरचे कापड घासूनपुसून इस्त्री करणे, छडीचे झिजलेले टोक बदलणे, फळीवर गुण सरकविणे ही त्याची कामे. साहेबास जोडीदार नसेल त्या दिवशी त्याच्याशी खेळणे हेही त्याचेच काम, आणि पुष्कळदा शहाणपणाने हरणे हेही! साहेब बदलून जात, मार्कर तेथेच राही. अशा रीतीने दिवसातले दहा-बारा तास टेबलाशेजारी उभ्या असलेल्या ह्या माणसांपाशी खेळाचे खरे ज्ञान साठत गेले. क्लबांच्या भिंतींवर विजेत्या सभासदांची नावे सोनेरी अक्षरांत लिहिलेली आढळतात. त्या सभासदांना कोपर कोठे ठेवावे हे ज्याने शिकविले त्याचे नाव तेथे सहसा नसते. खेळाच्या इतिहासातील हा अन्याय कोणी मुद्दाम केला असेल असे नाही. नोंद ठेवणारा आणि नोंदला जाणारा हे वेगळ्या वर्गांतले असले म्हणजे असे घडतेच.

ह्या परंपरेच्या छायेत स्वतंत्र भारताचा पहिला वैयक्तिक जगज्जेता घडला. विल्सन जोन्स ह्यांचा जन्म १९२२ साली पुण्यात झाला. १९५८ साली कलकत्त्यात त्यांनी बिलियर्डचे जागतिक हौशी अजिंक्यपद मिळविले आणि १९६४ साली न्यूझीलंडमध्ये ते पुन्हा जिंकले. कोणत्याही खेळात वैयक्तिक जगज्जेतेपद मिळविणारे ते पहिले भारतीय होत. त्यांच्यानंतर मुंबईच्या मायकेल फरेरा ह्यांनी १९७७, १९८१ आणि १९८३ साली तोच मान मिळविला. पुढे पुण्यातच जन्मलेल्या पंकज अडवाणी ह्यांनी बंगळुरात माजी राष्ट्रीय विजेते अरविंद सवूर ह्यांच्या हाताखाली शिक्षण घेऊन बिलियर्ड व स्नूकर ह्या दोन्ही खेळांत जागतिक विजेतेपदे मिळविली. विल्सन जोन्स ह्यांना १९९६ साली द्रोणाचार्य पुरस्कार देण्यात आला, म्हणजे शासनानेही अखेर खेळाडूइतकाच शिकविणारा मोठा मानला. ह्या मालिकेत पुस्तके नव्हती असे नाही. जो डेव्हिस आणि अमेरिकेचा विली मॉस्कोनी ह्यांनी १९५० पूर्वीच आपापली पाठ्यपुस्तके लिहिली होती. पण पुस्तक वाचून मग कोणाच्या तरी नजरेखाली उभे राहावयाचे, हाच क्रम होता.

चित्रफितीने हा क्रम मोडला. विसाव्या शतकाच्या अखेरीस हॅल हूल नावाच्या अमेरिकन गृहस्थाने ‘मध्य-ते-कड’ अशी एक नेमाची पद्धत सांगावयास सुरुवात केली. आपल्या चेंडूच्या मध्यापासून लक्ष्य-चेंडूच्या कडेपर्यंत एक रेषा पाहावयाची. आपल्या चेंडूच्या कडेपासून लक्ष्य-चेंडूवरील ठरावीक बिंदूपर्यंत दुसरी. दोन्ही रेषा एकदम दिसतील तेथे डोळे स्थिर करून छडी किंचित बाजूस ठेवावयाची आणि तेथून ती मध्यावर फिरवून घ्यावयाची. खिशाकडे पाहण्याची गरजच नाही, असा ह्या पद्धतीचा लौकिक. स्टॅन शफेट ह्यांनी तिचा विस्तार करून तिच्यावर चित्रफिती काढल्या आणि त्या जगभर पसरल्या. त्यावरून वादही माजला. टीकाकार म्हणतात की, मोजक्या ठरावीक रेषांतून टेबलावरचे असंख्य कोन निघणे भूमितीस मान्य नाही. उरलेली दुरुस्ती खेळाडूची नजर न कळत करीत असते आणि श्रेय पद्धतीला मिळते. शिवाय दोन चेंडू घासताना होणाऱ्या घर्षणाने लक्ष्य-चेंडू काही अंशांनी ओढला जातो, त्याचा हिशेब निव्वळ रेषांत येत नाही. समर्थकांचे उत्तर एवढेच की, चेंडू खिशात जातो आहे ना?

तेलीबागेतल्या त्या हिवाळ्यात मला दोन्ही पक्षांचे म्हणणे अनुभवास आले. पद्धत पाळली त्या दिवसांत माझे चेंडू पहिल्यापेक्षा अधिक जाऊ लागले. कारण उघड होते: पूर्वी मी दर वेळी निराळ्या ठिकाणी उभा राहत असे, आता दर वेळी एकाच रीतीने उभा राहू लागलो. पद्धतीने मला कोन शिकविला नसेल, पण शिस्त शिकविली. तरीही डावीकडचे नेम चुकतच राहिले. चित्रफीत मी दहादा पाहिली, रेषा दहादा तपासल्या. शेवटी एके संध्याकाळी तेथे येऊन बसणाऱ्या एका वयस्क गृहस्थांनी, ज्यांचे आयुष्य लष्करी भोजनगृहातल्या टेबलाशेजारी गेले होते, उठून माझ्या उजव्या कोपरास दोन बोटे लावली आणि ते किंचित आत ढकलले. ते बोलले काहीच नाहीत. नेम पहिल्यापासून बरोबरच होता. हात त्या रेषेवरून जात नव्हता.

ह्या प्रसंगी मला लखनौच्याच दुसऱ्या एका मराठी माणसाची आठवण झाली. विष्णु नारायण भातखंडे ह्यांनी वकिली सोडून देशभर हिंडून उस्तादांकडून बंदिशी मिळविल्या, त्या स्वरलिपीत बांधल्या आणि ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत छापल्या. १९२६ साली येथे मॅरिस कॉलेजची स्थापना झाली, तेच आजचे भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय. त्या काळीही हाच वाद होता. घराण्याची विद्या कागदावर उतरते काय? मींड लिहिता येते, पण ती गळ्यातून कशी निघावी हे कोणते चिन्ह सांगणार? भातखंड्यांना ही मर्यादा माहीत नव्हती असे म्हणणे धाडसाचे होईल. ज्याच्या घरी उस्ताद नाही त्याच्यापर्यंत निदान बंदिश तरी पोहोचावी, हा त्यांचा आग्रह होता. आणि म्हणूनच त्यांनी पुस्तके काढून न थांबता विद्यालय उभारले व ते चालविण्यास श्रीकृष्ण नारायण रातंजनकरांसारखा शिष्य दिला. पुस्तक दारापर्यंत आणील. आत गेल्यावर कोणी तरी ऐकणारा हवा, ही त्यांची व्यवस्था होती.

चित्रफितीचे स्थान मला असेच वाटते. ज्या विद्येच्या वाटेवर एकेकाळी क्लबाचा दरवाजा आणि सभासदत्वाची वर्गणी आडवी येत होती, ती आज तेलीबागेतल्या कोणाही मुलाच्या हातात आली आहे, आणि ही लहान गोष्ट नव्हे. वारंवार बदल्या होणाऱ्या आपल्यासारख्यांना तर हे फार मोठे साहाय्य आहे, कारण गुरू गावी राहतो आणि चित्रफीत सामानाबरोबर येते. तिच्यात उणीव एकच. आपण तिला पाहतो, ती आपल्याला पाहत नाही. मार्करचे सारे महत्त्व त्याच्या पाहण्यात होते.

परवा त्या वरच्या मजल्यावर गेलो तेव्हा तेच वयस्क गृहस्थ एका पोराच्या मागे उभे होते. मोबाइल नेहमीप्रमाणे कडेवर उभा होता. पोराने चित्रफीत पाहून नेम धरला, आणि छडी पुढे ढकलण्यापूर्वी मान वळवून एकवार त्यांच्याकडे पाहिले.