बोरघाटाची चढण

इरुंगाट्टुकोट्टै हे नाव बदलीच्या हुकुमात आम्ही प्रथम वाचले तेव्हा ते नीट उच्चारण्यास आम्हांस दोन दिवस लागले. तमिळमध्ये काडू म्हणजे रान आणि कोट्टै म्हणजे किल्ला, असे पुढे कचेरीतल्या एका सहकाऱ्याने समजावून दिले. आज येथे ना रान आहे, ना किल्ला. चेन्नईच्या पश्चिमेस, श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे, औद्योगिक वसाहतीच्या भिंती, १९९८ पासून मोटारी घडविणारा एक प्रचंड कारखाना आणि १९९० साली खुला झालेला मोटार-शर्यतींचा मार्ग, एवढे या गावाचे दर्शन. जमीन तळहातासारखी सपाट. पाऊस झाला आणि चेंबरंबाक्कमचा तलाव भरला, म्हणजे डोळ्यांना तेवढाच काय तो गारवा. ज्याचे बालपण सह्याद्रीच्या कुशीत गेले, त्याला क्षितिजावर डोंगर नसणे हे भाषा न कळण्यापेक्षाही अधिक परके वाटते. परमुलखात नोकरी केलेल्या आमच्या वाचकांस हे निराळे सांगावयास नको.

वसाहतीच्या दारावरून हमरस्ता जातो. पहाटेच्या पाळीला त्याच्या कडेकडेने सायकलींची एक रांग पश्चिमेकडे सरकत असते. डबा हँडलला अडकविलेला, मफलर कानाला गुंडाळलेला. त्या रांगेकडे पाहत असता एक साधी गोष्ट आमच्या ध्यानी आली, आणि ती इतकी उशिरा यावी याची लाजही वाटली. हा रस्ता आमच्या ओळखीचा होता. २०१० साली क्रमांक बदलले तोवर हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४ होता. आता तो ४८ आहे. हाच रस्ता राणीपेट, बेंगळुरू, हुबळी, बेळगाव, कोल्हापूर करीत पुण्याला जातो आणि लोणावळ्याच्या पुढे बोरघाटातून खाली कोकणात उतरतो. येथून सुमारे बाराशे किलोमीटरवर याच रस्त्याला ती वळणे आहेत, जेथे तरुणपणी आम्ही सायकल हाती धरून, धापा टाकीत, चालत गेलो होतो. तेव्हापासून त्या चढणीचा इतिहास आम्ही जमेल तसा जुळवीत आलो. सायकलस्वाराला ती चढण वारशाने मिळाली. तिचे मूळ मालक बैल आणि तोफा होत.

वाट तर फार जुनी. घाटमाथ्यावरची कार्ले आणि भाजे येथील लेणी कोकणातील बंदरांतून देशावर येणाऱ्या व्यापारी तांड्यांच्या वाटेवर कोरलेली आहेत, आणि कार्ल्याच्या शिलालेखांतून दान देणाऱ्या यवनांचीही नावे आढळतात. १६६१च्या फेब्रुवारीत कारतलबखानाची फौज शिवाजी महाराजांनी जेथे कोंडली, ते उंबरखिंडीचे रान या घाटापासून दूर नाही. पण घाट म्हणजे काय हे इंग्रजांस खरे कळले ते १७७९ साली. राघोबादादांस पुण्याच्या गादीवर बसविण्यासाठी मुंबईहून निघालेली त्यांची सुमारे चार हजारांची फौज या वाटेने वर चढली. बरोबर ओझ्याचे बैल होते एकोणीस हजार! या आकड्यातच त्या मोहिमेचे भविष्य लिहिलेले होते असे आम्हांस वाटते. अरुंद चढणीवर एवढा लबेदा घेऊन चढणारी फौज मुंगीच्या पावलांनी चालली, आणि मराठ्यांस जमण्यास हवा तेवढा वेळ मिळाला. ४ जानेवारीस कार्ल्याजवळ कॅप्टन स्ट्युअर्ट पडला. आपल्या लोकांनी त्याच्या शौर्यावर खूष होऊन त्याला इष्टुर फाकडा केले. शत्रूला असे लाडके नाव देणारे लोक जगात थोडेच असतील. आठवडाभराने जड तोफा तळेगावच्या तळ्यात लोटून फौज मागे फिरली आणि वडगावी तिला तहावर सही करावी लागली.

ज्या चढणीने पराभव केला ती चढण दुरुस्त केल्याशिवाय दख्खन हाती राहत नाही, हा धडा मात्र इंग्रज विसरले नाहीत. १८०४ साली जनरल वेलस्लीने तोफा नेता याव्यात म्हणून वाट सुधारून घेतली. तोच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, आणि आमच्या नागफणीच्या सुळक्याला त्याच्या नाकाचे नाव चिकटले. १८३० साली गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत गाडीरस्ता पुरा होऊन खुला झाला. सायकलस्वाराच्या दृष्टीने घाटाचा जन्म त्या वर्षीचा. भरलेली गाडी ओढणारा बैल किती चढ सोसतो, कोठे त्याला दम घेऊ द्यावा लागतो, कोठे गाडी मागे सरते, या हिशेबाने असल्या रस्त्याची वळणे पडतात. माणसाच्या पायांचा हिशेब बैलाच्या खांद्यापेक्षा फारसा वेगळा नाही. म्हणूनच ज्या वळणावर गाडीवान उतरून चाकाला दगड लावी, नेमके त्याच वळणावर आम्ही सायकलवरून उतरलो असू, अशी आमची समजूत आहे.

या घाटात जुन्या रस्त्याच्या कडेला शिंग्रोबाचे देऊळ आहे. घाटाची वाट कशी काढावी हे साहेबाला उमगेना, तेव्हा एका धनगराने आपल्या गुरांची वाट दाखविली आणि बक्षीस म्हणून गोळी खाल्ली, अशी त्याची दंतकथा. ती कागदोपत्री सिद्ध करावयास आम्ही बसणार नाही. परंतु डोंगराची चढण प्रथम गुरांच्या खुरांना कळते, नंतर गुराख्याला आणि सर्वांच्या शेवटी इंजिनिअराला, एवढे सत्य तिच्यात आहेच. जाणारे-येणारे तेथे अजून पैसा टाकतात.

१८६३ साली आगगाडी घाट चढली. तिच्या कामात हजारो मजूर पटकी आणि तापाने गेले. कंत्राटदार ट्रेडवेल साहेब १८५९ साली आल्याबरोबर वारला आणि त्याच्या पत्नीने, अ‍ॅलिसबाईने, ते काम पुढे चालविले. हा एक स्वतंत्र लेखाचा विषय आहे. आमच्यापुरते एवढेच की रेल्वेचा चढ सदतीसास एक याहून कडक ठेवता आला नाही, आणि रस्त्यावरची जड वाहतूक रुळांवर गेल्याने घाटरस्ता काही काळ पोरका झाला. सायकल अजून जन्मावयाची होती. दोन सारख्या चाकांची, साखळीची सायकल इंग्लंडात १८८५ साली आली, आणि हवेचा टायर १८८८ साली.

पुण्याने तिला आपले वाहन मानले ते इतके की सायकलींचे शहर ही त्याची ओळख पुष्कळ वर्षे टिकली. नगरपालिकेचा बिल्ला, रात्री दिवा नसल्यास पोलिसाचा दंड, डबलसीट दिसल्यास पुन्हा दंड. असे भरभक्कम सरकारी लक्ष ज्या वाहनाला लाभले ते खचितच थोर असले पाहिजे. हरक्यूलिस, रॅले, हंबर ही नावे विलायतेहून येत. पुढे हरक्यूलिस मद्रासजवळ अंबत्तूरला बनू लागली. १९४९ साली स्थापन झालेला तो कारखाना आमच्या आजच्या बिऱ्हाडापासून फार लांब नाही. म्हणजे पुण्याहून आम्ही ज्या सायकलीवर बसून निघालो होतो, ती आमच्या आधीच या मुलखातून निघून पुण्यास पोहोचली होती.

या काळ्या, जड, एकाच गतीच्या सायकलीने घाट चढणे म्हणजे बहुधा ती ढकलणे होय. फ्रान्सच्या प्रसिद्ध फेरीने १९१० साली पिरेनीज पर्वत मार्गात घातला, तेव्हा आघाडीचा लापीझदेखील तूर्मालेच्या चढावर काही अंतर पायी गेला, आणि पुढच्या घाटमाथ्यावर त्याने संयोजकांस खुनी म्हटले. दातेरी चक्रे बदलून चढ हलका करण्याची युक्ती त्या शर्यतीत १९३७ पर्यंत मना होती. आम्हांस हे वाचून मोठा दिलासा मिळाला.

आपल्याकडे मुंबई-पुणे सायकल शर्यत १९४०च्या दशकात सुरू झाली. सुमारे दीडशे किलोमीटरची ही शर्यत मुंबईहून निघते. पनवेल, खोपोलीपर्यंत झुंडीच्या झुंडी एकमेकांच्या आडोशाने वारा चुकवीत येतात. खोपोली समुद्रसपाटीपासून सुमारे साठ मीटर उंचीवर, लोणावळे सुमारे सहाशे वीस. मधल्या वळणांवर आडोसा संपतो. चढावर वेग उतरला की वाऱ्याचे ओझे कमी होते, आणि उरते ते फक्त स्वतःचे वजन. तेथे दुसऱ्याच्या पाठीमागे लपून काही साधत नाही. घाट प्रथम चढून जाणाऱ्यास निराळा मान असतो, ‘घाटाचा राजा’ म्हणून. पुण्यास पहिला कोण आला हे लोक विसरतात. घाटाचा राजा कोण झाला हे खोपोली-खंडाळ्याचे लोक वर्षानुवर्षे सांगत राहतात. एका बाजूस उल्हासचे खोरे, राजमाचीचे कडे, पावसानंतरची ती हिरवी ओल, आणि वळणावर उभे राहून सायकलस्वाराच्या डोक्यावर पाण्याची बादली ओतणारी मुले. हे आम्ही एकदा पाहिले आहे.

इरुंगाट्टुकोट्टैचा शर्यतमार्ग पावणेचार किलोमीटरचा, मुद्दाम वेगासाठी बांधलेला. बोरघाट कोणी शर्यतीसाठी बांधला नाही, आणि त्यामुळेच तो हातचा जाण्याचा धोकाही मोठा. २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. त्यावर सायकलीस प्रवेश नाही. नियम योग्यच आहे, पण जुन्या रस्त्याच्या वाट्याला जे उरले त्यात ट्रकांच्या चाकांमधून वाट काढणे हेच कौशल्य झाले. १८३०चा पूल, ज्याला जाहिरातीच्या फलकावरून अमृतांजन पूल हे नाव पडले, तो २०२० च्या एप्रिलमध्ये पाडण्यात आला. अमृतांजन कंपनी १८९३ साली मुंबईत निघाली आणि १९१४ साली मद्रासला आली. पुलापेक्षा तिचे दैव बलवत्तर म्हणावयाचे.

पाय मात्र संपले नाहीत. २०१५ साली नाशिकच्या डॉक्टर महाजन बंधूंनी दोघांच्या संघाने अमेरिका आडवी पार करण्याची शर्यत पुरी केली. १७ साली श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे अमित समर्थ यांनी ती एकेकट्याने पार पाडली. २०२६ च्या जानेवारीत पुणे जिल्ह्याच्या घाटांतून चार टप्प्यांची आंतरराष्ट्रीय शर्यत आखण्यात आली. तिच्यासाठी रस्ते नीट करण्यात आले, हे वाचून १८०४ सालच्या तोफांची आठवण झाली. रस्ता दुरुस्त व्हावयाचा तर कोणी तरी मोठे येणार असावे लागते.

काल पहाटे फाटकाशी एका कामगाराची साखळी उतरली होती. आम्ही थांबलो. त्याला मराठी येत नाही, आमचे तमिळ अजून लंगडे. साखळी चढवून हात पुसताना, हा रस्ता पुढे कोठे जातो, असे आम्ही त्यास विचारले. त्याने मानेने पश्चिमेकडे दाखविले आणि म्हटले, ‘कांचीपुरम.’ पुढचे आम्ही सांगितले नाही. त्याची पाळी चुकली असती.