कैलास कसं खोदलं? उत्तर किलोमीटरभर पुढे आहे

वेरूळ पाहून आलेल्या कुणालाही विचारा, कैलास पाहिलंत ना? हो तर! मग विचारा, आणि इंद्रसभा? इथे बहुतेकांची गाडी अडते. त्यात दोष कुणाचाच नाही. घृष्णेश्वराचं दर्शन, दौलताबादचा किल्ला, खुलताबादचा भद्रा मारुती आणि वेरूळ हे सगळं एका दिवसात बसवायचं म्हटलं, की दमलेले पाय उत्तरेकडच्या जैन लेण्यांकडे वळत नाहीत. पण कैलाससमोर उभं राहिल्यावर "हे माणसांनी खोदलं तरी कसं?" हा जो प्रश्न पडतो, त्याचं सगळ्यात चांगलं उत्तर माझ्या मते तिकडेच आहे.

प्रश्न आजचा नाही. कैलासचं मुख्य काम राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, म्हणजे इ.स. ७५६ ते ७७३ च्या आसपास झालं असं मानतात. पुढे इ.स. ८१२-१३ मधल्या, कर्क सुवर्णवर्षाच्या वडोदऱ्याच्या ताम्रपटात एलापूरच्या या देवळाचं वर्णन येतं. देवांनाही ते पाहून नवल वाटलं, आणि ज्याने ते घडवलं त्यालाच नंतर प्रश्न पडला की हे आपण केलं कसं, अशा अर्थाचा तो मजकूर आहे. मला हा ताम्रपट फार आवडतो. कारण त्यात आश्चर्य आहे, पण शिल्पकारही आहे. हल्ली मोबाईलवर फिरणाऱ्या व्हिडिओंमध्ये आश्चर्य तेवढं राहिलंय, शिल्पकार मात्र गायब. त्याच्या जागी परग्रहवासी आणि हरवलेलं तंत्रज्ञान.

मी मूळची विज्ञानाची विद्यार्थिनी, त्यामुळे आधी हिशोब करून बघू. कैलासचा खड्डा ढोबळमानाने २७६ फूट लांब, १५४ फूट रुंद आणि मागच्या बाजूला शंभर फुटांहून जास्त खोल आहे. डोंगर उतरता असल्यामुळे पुढची बाजू बरीच कमी खोल. सरासरी खोली ६० फूट धरली आणि मध्ये शिल्लक ठेवलेलं देऊळ वजा केलं, तर काढलेला दगड साधारण २० लाख घनफूट येतो. बेसॉल्ट जड दगड, घनमीटरला पावणेतीन-तीन टन. म्हणजे दीड लाख टनांच्या वर. आकडा मोठा आहे यात वादच नाही.

पण तो अशक्य आहे का? पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी एक साधा अंदाज मांडला होता. एक माणूस दिवसाला ४ घनफूट दगड फोडतो असं धरलं, तर २५० माणसांना साडेपाच वर्षं पुरतात. गुणाकार तुम्हीच करून बघा: दिवसाला हजार घनफूट, दोन हजार दिवस. जमलं की! कोरीवकामाला अर्थातच वेगळा वेळ लागणार, आणि देवळाचे काही भाग नंतरच्या टप्प्यांत झाले असं खुद्द ढवळीकरांचंही म्हणणं होतं.

"मग एवढा दगड गेला कुठे?" हा व्हिडिओवाल्यांचा हुकमी एक्का. तेवढा दगड २०० मीटर बाय २०० मीटरच्या तुकड्यावर पसरला, फोडल्यावर तो दीडपट फुगतो हेही धरलं, तरी थर पुरुषभर उंचीपेक्षा थोडा जास्त होईल. डोंगराचा उतार, पावसाळी ओढे, दगडाला सदैव गिऱ्हाईक असलेली गावं आणि साडेबाराशे वर्षं. यात गूढ काही शोधायची गरज मला वाटत नाही.

आता पद्धत. कैलास वरून खाली खोदलं, हे लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं. कृष्ण याज्ञवल्कीच्या 'कथाकल्पतरू' या जुन्या मराठी ग्रंथात एक गोष्ट आहे. राजा आजारी पडतो, राणी नवस बोलते की राजा बरा झाला तर देऊळ बांधीन आणि त्याचं शिखर दिसेपर्यंत अन्न घेणार नाही. राजा बरा होतो, पण शिखर दिसायला वर्षं लागणार. तेव्हा पैठणचा कोकस नावाचा कारागीर युक्ती काढतो: शिखरापासूनच सुरुवात करू! आठवड्यात शिखर तयार, राणी जेवली. आठवडा हा गोष्टीतला आठवडा. खोदकामाचा क्रम मात्र बरोबर सांगितलाय.

अडचण अशी, की कैलासमध्ये हा क्रम बघायला मिळणं कठीण. काम जवळजवळ पुरं झालेलं. छिन्नीचे घाव घासून, लिंपून गेलेले. पूर्ण झालेली वस्तू आपली कृती सांगत नाही. पुरणपोळी बघून पुरण कसं वाटलं ते कळत नाही, तसंच.

कृती कळते ती अर्धवट राहिलेल्या कामातून. म्हणून ३० ते ३४ क्रमांकाची जैन लेणी बघायची. ही साधारण नवव्या-दहाव्या शतकातली, दिगंबर परंपरेची. ३० व्या लेण्याला छोटा कैलासच म्हणतात. तोच आराखडा लहान करून, गाभाऱ्यात शिवलिंगाऐवजी तीर्थंकर. आणि ते अपुरं आहे! पुढे ३२ वं, म्हणजे इंद्रसभा. अंगणात एकाच दगडातलं छोटं देऊळ, बाजूला दगडी हत्ती. खालचा मजला बराचसा ओबडधोबड, आणि जिना चढून वर गेलात की अंगावर येतं ते कोरीवकाम: नक्षीदार खांब, छतावरचं कमळ, आंब्याच्या झाडाखाली बसलेली अंबिका. घर बांधताना तळमजल्याआधी माडी पुरी होत नाही. इथे झाली, कारण काम वरून खाली येत होतं आणि खाली पोचता पोचता थांबलं. पैसा संपला, आश्रय गेला, की आणखी काही, दगड ते सांगत नाही.

(नाव इंद्रसभा असलं तरी हत्तीवर बसलेला तो इंद्र नाही, जैन परंपरेतला यक्ष आहे. नाव नंतर चिकटलं.)

जैन लेण्यांच्या वरच्या बाजूला डोंगरावर पार्श्वनाथाची भव्य मूर्ती आहे, तिच्यावर शके ११५६ चा, म्हणजे इ.स. १२३४-३५ चा लेख आहे. लेणी खोदणं थांबल्यावरही इथला राबता थांबला नव्हता, हे त्यावरून कळतं. आजही तिथे जैन यात्रेकरू दर्शनाला येतात. घृष्णेश्वरहून परतणाऱ्या गाड्या मात्र खालूनच निघून जातात.

तर पुढच्या वेळी (मंगळवार सोडून, त्या दिवशी लेणी बंद असतात) शक्य झालं तर आधी जैन लेणी बघा, मग कैलास. बरोबर बॅटरी ठेवा. इंद्रसभेच्या खालच्या मजल्यावर एखाद्या अपुऱ्या भिंतीशी उभे राहा आणि उजेड समोरून न टाकता भिंतीला जवळजवळ समांतर धरा. दगडावर तिरक्या, शेजारी शेजारी रेघा उठून दिसतील. ते छिन्नीचे घाव आहेत. हात लावू नका, पण वाकून बघा: एका पट्ट्यात रेघा एकीकडे झुकलेल्या, पुढच्या पट्ट्यात दुसरीकडे. मारणाऱ्याने उभं राहण्याची जागा बदलली होती.