परमुलखात चालणारा पैसा

यात्रेला निघताना पैसा बदलून घेणे नांदेड-लातूरकडच्या जुन्या माणसांना नवे नव्हते. निजामाच्या राज्यात हाली सिक्का चाले. नांदेडहून रेल्वेने मनमाडमार्गे मुंबई गाठायची, तर इंग्रजी कलदार लागे. सात हाली म्हणजे सहा कलदार, असा हिशेब.

हे हैदराबादी चलन १९५९ मध्ये संपले. त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने हज यात्रेकरूंसाठी १० आणि १०० रुपयांच्या खास नोटा काढल्या. क्रमांकाआधी ‘एचए’ ही अक्षरे असत. सौदी अरेबियात त्या देऊन रियाल घ्यायचे. भारतात मात्र त्या व्यवहाराला चालत नसत. कारणही तसेच होते. आखातात गेलेल्या साध्या नोटा सोन्याच्या चोरट्या व्यापारातून परत येत आणि आपली परकीय गंगाजळी आटे.

जन्मभराची पुंजी देऊन घरी न चालणारा कागद घ्यायचा, तो सरकारच्या शब्दावर. आज यात्रेकरू निघण्यापूर्वीच कार्डात रियाल भरून घेतो. भाव त्या दिवशीच ठरतो. कार्ड हरवले तर बंद करता येते. नोट गेली की गेलीच. साधन बदलले, पण परमुलखात आपला पैसा ओळखला जाईल ना, ही धाकधूक जुनीच आहे.