दसरा काढला तो रविवार

परंडा, 29 सप्टेंबर 2024. घटस्थापना गुरुवारी. तुळजापुरात देवी मंचकी निद्रेत, इकडे घरोघरी दसरा काढायची घाई. आमची उत्तरेकडची भिंत पावसाळ्यात शेवाळाने काळी पडलेली. भिंतीलगत झेंडूची 22 रोपं, कढीपत्ता आणि वृंदावनातली तुळस. झेंडू घटाच्या माळांसाठीच लावला होता. कळ्या धरल्या होत्या.

सकाळी 7.10. हायपोचा 5 लिटरचा कॅन आणला. सोडियम हायपोक्लोराइट, 10 टक्के. कॅनवर प्रमाण लिहिलं होतं: एक भाग औषध, दहा भाग पाणी. त्याखालच्या बारीक ओळी मी वाचल्या नाहीत.

8.30. नळाची पाळी नव्हती. पिंपात 200 लिटर पाणी. आई म्हणाली, "आधी झाडांना पाणी घाल रे." भिंतीला पुरणार नाही म्हणून मी नको म्हटलं. पानं आणि माती आधीच चिंब असली की वरून पडलेलं हायपो पातळ होतं, आत कमी शिरतं. कोरडं पान ते पिऊन घेतं. हे मला नंतर कळलं, आईला आधीपासून ठाऊक होतं.

9.40. मदतीला आलेल्या पोराने विचारलं, "काका, झाडांवर चादर टाकू का?" चादरी नुकत्याच धुऊन वाळत घातल्या होत्या. "राहू दे, जपून मार."

10.15. फवारणीचा 16 लिटरचा पंप भरला. शेवाळ जुनं, म्हणून 4 लिटर हायपो आणि 12 लिटर पाणी. अडीच टक्के. सांगितल्याच्या अडीचपटीहून जास्त.

11.05. वारा सुटला. तुषार वृंदावनापर्यंत गेले. ओघळ झेंडूच्या वाफ्यात उतरले.

11.30. पंप संपला. भिंत उजळली, सगळे खूश. त्याच वेळी पानांवरून पाच-सहा बादल्या ओतल्या असत्या तर बरंच वाचलं असतं. आम्ही जेवायला बसलो. बाहेर ऊन तापत होतं.

दुपारी 2.20. भिंत धुतली. ते सगळं पाणीही वाफ्यातच गेलं. पानं आधीच पोळली होती, आता मुळांशी मीठ साचायला लागलं.

4.45. झेंडूवर पांढरे ठिपके. आईने तुळशीचं पान चिमटीत धरलं. काही बोलली नाही. कुणीतरी उतारा म्हणून व्हिनेगर सुचवलं. ते ऐकलं नाही, तेवढं एक बरं केलं. हायपोत आम्ल मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो.

5.10. झाडांना पाणी घातलं.

सोमवार, सकाळी 7.00. पानं तपकिरी.

मंगळवार. कळ्यांनी माना टाकल्या. 22 पैकी 19 रोपं उपटली.

गुरुवार, 3 ऑक्टोबर. घट बसले. माळेचा झेंडू विकत आणला. वृंदावनात तुळशीची वाळकी काडी होती.

रविवारी रात्री पिंपात 60 लिटर पाणी उरलं होतं.