आपल्या लोकांचं कापड

१९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं हे पहिलंच. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, बांबू आणि गावठी सामानातून केलेली सजावट शांतिनिकेतनच्या नंदलाल बसूंची, जोडीला खादी-ग्रामोद्योगांचं प्रदर्शन. एवढं पुस्तकात सापडतं. आजोबा सांगायचे ते चोपड्याहून यावलमार्गे निघालेल्या बैलगाड्यांचं. पुढच्या गाडीत खादी, मागच्या गाडीत खादी आणि मधल्या गाडीत गिरणीचं धोतर नेसलेले आजोबा. कुणी चकार शब्द काढला नाही, पण सगळा रस्ता ते अंग चोरून बसले होते. परतताना त्यांच्या गाठोड्यात खादीचं धोतर होतं आणि आजीसाठी लुगडं.

“गांधीजींचं ऐकून घेतलं ना?” मी विचारायचो.

“गांधीजी लांबून दिसले रे. शेजारच्या गाडीत माझा चुलत सासरा होता.”

आजीला त्या लुगड्याचं कौतुक कमीच. गिरणीच्या लुगड्यापेक्षा महाग, कमरेला काचणारं, आणि धुवायला काढलं की पिळायला दोघी लागत. प्रभातफेरीला मात्र ती तेच नेसायची. घरी आली की आधी ते सोडायची.

यातली गंमत अशी की, कापूस आमच्याच रानातला. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालली होती, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, तेव्हा खानदेशी कापसाचे भाव कडाडले. पुढे रेल्वेनं गाठी मुंबईला जाऊ लागल्या. कापूस विकायचा आणि कापड विकत आणायचं, हा आमचा जुना व्यवहार. अमळनेरच्या प्रताप मिलचं कापडही स्वदेशीच की, असा वाद आजोबा घालत. हिशेबानं तो बरोबर होता. खादीवाल्यांच्या पंगतीत त्याला कुणी विचारत नसे. पुढे गाडीतले तेच लोक टेरिकॉट घालू लागले, तशी आजोबांची खादी १५ ऑगस्टपुरती उरली.

आपल्या माणसांचा वचक खरा दिसायचा तो लग्नाच्या बस्त्यात. बस्ता फाडायला अख्खी भावकी जायची, आणि तीही पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या दुकानात. गादीवर ठाण उलगडत. नवरीचा शालू, वरमाईची साडी, करवल्या, आत्या, मामा, सगळ्यांची यादी पाठ असलेली एखादी काकू काठ चिमटीत धरून बघायची आणि तिनं मान हलवली की पुढचं कापड. नवरीला काय आवडलं, हे शेवटी विचारलं तर विचारायचं. “लोके काय म्हनतीन?” हा आजीचा प्रश्न किमतीच्या आधी यायचा.

पैसे कापूस विकला की. दुकानदार उधारी लिहायचा ती एकाच्या नावावर, पण भरवसा सगळ्या भावकीवर. बुडवलं तर चुलतभावालाही पुढच्या लग्नात रोख मोजावे लागतील, हे घेणाऱ्याला ठाऊक असे. त्यामुळे ओळखीची उधारी मिळायची आणि ओळखीपायी खर्चही वाढायचा. शेजारच्या घरानं पाहुण्यांना टॉवेल-टोपी दिली, तर आपण नुसती टोपी कशी देणार? जमीन गहाण टाकून मानपान केल्याच्या गोष्टी आजी सांगायची, आणि त्यात तिला नवल वाटत नसे. मला त्यात आजही कौतुक दिसत नाही. सामुदायिक विवाहांनी यातला बराच खर्च वाचवला, कारण तिथं सगळ्यांनी एकदम साधेपणा धरला. एकट्यानं धरला असता तर त्याला कंजूष म्हटलं असतं.

१९७० च्या सुमारास इंग्लंडातल्या ब्रिस्टल शहरात हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञानं शाळकरी मुलांवर प्रयोग केले. कुणाला क्ली या चित्रकाराची चित्रं आवडतात, कुणाला कॅन्डिन्स्कीची, एवढ्याच सबबीखाली मुलांचे दोन गट पाडले आणि पैसे वाटायला सांगितलं. आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालतील, पण दुसऱ्यापेक्षा जास्त मिळाले पाहिजेत, असा कल मुलांनी दाखवला. आमच्या काकूला हे कुणी वाचून दाखवलं असतं, तर ती म्हणाली असती, यात शिकलेल्या माणसाचं काय काम?

आता चोपड्यातली निम्मी भावकी पुण्याकडे आहे. बस्ता कुठल्याही मॉलमध्ये होतो आणि कोण कुणाचं ऐकतं? पण थंडी पडली की गावाकडून ट्रॅव्हल्सनं हिरव्या भरताच्या वांग्यांची पोती निघतात. २०१६ साली ‘जळगाव भरीत वांगी’ला भौगोलिक मानांकन मिळालं, पुण्यातल्या आमच्या पोरांना त्याआधीपासूनच दुसरं वांगं चालत नाही. पिशवीमागे भाडं वांग्याच्या भावाइतकं पडलं तरी कुणी कुरकुरत नाही. काड्यांवर भाजलेल्या वांग्याची चव गॅसवर येत नाही, हे सगळ्यांना कळतं, तरी सोसायटीच्या गच्चीवर पार्टी होते, कळण्याची भाकरी होते, आणि शेजारच्या कोल्हापूरकरालाही बोलावणं जातं.

तुम्हालाही बोलावणं आलं तर जरूर या. फक्त येताना मंडईतली जांभळी वांगी घेऊन येऊ नका.