भाकरीतलं लोह अंगी लागायला हवं? मग बांधावरचा पेरू-आवळा आधी घरात खा

महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के महिलांमध्ये आणि पाच वर्षांखालच्या जवळपास ६९ टक्के मुलांमध्ये ॲनिमिया, म्हणजे रक्ताची कमतरता आढळली. खुरपताना चक्कर येते, चढ चढताना दम लागतो, तेव्हा 'ऊन लागलं' म्हणून आपण सोडून देतो.

आपल्या जेवणात लोह नसतं असं नाही. बाजरी, मटकी, हरभरा, पालेभाज्या यांत ते असतं. पण धान्य-भाजीतलं लोह शरीर थोडंच घेतं. जेवणासोबत 'क' जीवनसत्त्व पोटात गेलं, तर ते जास्त शोषलं जातं. त्यासाठी महागडी फळं लागत नाहीत.

कोणत्या फळात काय?

पेरू : १०० ग्रॅम पेरूत सुमारे २०० मिलिग्रॅम 'क' जीवनसत्त्व असतं. संत्र्यात साधारण ५० असतं. मोठ्या माणसाची दिवसाची गरज ८० मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे एका मध्यम पेरूत ती भागते. सालीसकट खाल्ला तर चोथाही मिळतो, पोट साफ राहतं.

आवळा : 'क' जीवनसत्त्वात पेरूच्याही पुढे. हिवाळ्यात एक-दोन आवळे चावून खा किंवा किसून कोशिंबिरीत घाला. साखरेच्या पाकातला मोरावळा मात्र बेताने खा.

बोर : यातही 'क' जीवनसत्त्व चांगलं असतं. पोरं पायवाटेवरची बोरं खातात ते काही वाईट नाही, फक्त धुऊन खायला सांगा.

पपई : पिकलेल्या पपईतून 'अ' जीवनसत्त्व तयार होतं. ते डोळ्यांसाठी चांगलं.

सीताफळ : ताकद देणारं, पण गोड. बियांचा कूट डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते, त्यामुळे बिया पोरांच्या हाती देऊ नका.

कधी आणि कसं खायचं?

जेवणाबरोबर किंवा जेवण झाल्या झाल्या. फळ नसेल त्या दिवशी भाजीवर लिंबू पिळा. जेवणावर लगेच चहा घेऊ नका, चहा लोह शोषू देत नाही. आधी-नंतर किमान एक तासाचं अंतर ठेवा. आशाताईंनी दिलेली लोहाची गोळीही चहासोबत नको, लिंबूपाण्यासोबत चालते. फळ शिजवलं किंवा कापून उघडं ठेवलं की 'क' जीवनसत्त्व कमी होतं. रस काढून गाळला तर चोथा जातो. म्हणून अख्खं फळ खाणंच बरं.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात मोठ्या माणसाने रोज सुमारे १०० ग्रॅम फळ खावं असं सांगितलं आहे.

कुणी जपून खावं?

शुगर असणाऱ्यांना पेरू, जांभूळ बेताने चालतं. सीताफळ, चिकू, केळं किती खायचं ते डॉक्टरांना विचारा. जांभळाच्या बियांची पूड घेतो म्हणून शुगरची गोळी बंद करू नका. किडनीचा आजार असेल तर कोणतंही फळ डॉक्टरांना विचारूनच खा. गरोदर बाईने कच्ची पपई टाळावी.

आणि एक लक्षात ठेवा. रक्त फार कमी असेल तर नुसत्या फळांनी ते भरून येत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या आणि गोळ्यांचा कोर्स पूर्ण करा.

भाव पडला की आपण पेरूचे कॅरेट मातीमोल विकतो आणि त्याच पैशातून पोरांना पाच रुपयांचा तळलेला पुडा घेऊन देतो. माल बाजारात न्यायच्या आधी घरात जेवढी माणसं तेवढी फळं बाजूला काढा. आणि सगळ्यांचं झाल्यावर जेवणाऱ्या घरच्या बाईच्या ताटात पहिलं फळ ठेवा.